दुसरं डिकाशन

“वाईच कॉफी मिळंल का?” हरणाबाईनं कॉटवरून विचारलं, आणि ज्योतिबा हातातलं वर्तमानपत्र टाकून उठले.

डेंगीतून उठून ती सांगलीच्या दवाखान्यातून घरी आली त्याला आठवडा होत आला होता. ताप गेला, पण तोंडाची चव परतली नव्हती. पेज, आंबील, मुगाचं कढण, शेजारच्या धोंडुबाईनं आणलेला शिरा, सगळं ती एक घास घेऊन बाजूला सारायची. पोटात अन्न जाईना तर पुन्हा सलाईनला आणा, असं डॉक्टरांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं. आज तिनं पहिल्यांदा आपणहून काही मागितलं होतं. ते बिघडून चालणार नव्हतं.

ज्योतिबांची उमेद गेली होती कुंभकोणमला, गलाईच्या दुकानात मुशीत सोनं-चांदी आटवण्यात. कॉफीची सवय तिथली. आटपाडीला परतल्यावरही ती सुटली नव्हती. दुकान आता मुलगा सूरज बघायचा आणि कॉफीच्या बिया तोच पाठवायचा. पण एवढ्या वर्षांत ज्योतिबा कॉफी नुसती पीत आले होते. कधी केली नव्हती.

त्यांनी बियांचा डबा काढला आणि मिक्सरचं भांडं बसवलं. बाहेरच्या खोलीत हरणाबाईला तेवढ्या खटक्यावरून कळलं.

“मिक्सर नगं. पूड तापती, वास उडून जातो. हातयंत्र घ्या.”

हातयंत्र ओट्याच्या कडेला आवळलेलं होतं. त्यांनी बिया ओतल्या आणि दांडा फिरवायला लागले. हरणाबाई डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, लय बारीक पडतंय, मागचा स्क्रू सैल करा. त्यांनी केला. यंत्राचा आवाज घोगरा झाला तसं तिनं काही म्हणायचं थांबवलं.

फिल्टर पितळेचा, दोन मजली. वरच्या भांड्याला बुडाशी भोकं. त्यात पूड घालून वर उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे खालच्या भांड्यात घट्ट डिकाशन ठिबकतं, एवढं त्यांना पाहून माहीत होतं. त्यांनी पूड घातली, अंगठ्यानं गच्च दाबली, पाणी ओतलं आणि उभे राहिले.

“पडतंय का?” बाहेरून प्रश्न आला.

“पडतंय की.”

“मला ऐकू येत न्हाई.”

ज्योतिबांनी वरचं भांडं उचलून पाहिलं. खालचं कोरडं होतं.

“ठासली आसंल पूड,” हरणाबाई म्हणाली. “मूस हाय व्हय ती? आतलं सोनं कुठं पळून चाललंय?”

त्यांनी सगळं ओतून दिलं. पुन्हा बिया, पुन्हा दांडा, पुन्हा पाणी. या वेळी पूड नुसती हलवून सारखी केली. टपटप सुरू झाली तेव्हा त्यांनी दुधाखालचा गॅस बारीक केला, आवाज तिच्यापर्यंत जावा म्हणून.

दूध, साखर घालून त्यांनी कॉफी दोन भांड्यांत खालवर केली. थोडी ओट्यावर सांडली, थोडी शर्टावर. उरलेला पेला तिच्या हातात दिला आणि समोर स्टूलवर बसले.

हरणाबाईनं एक घोट घेतला. थांबली. पेला खाली ठेवला.

ज्योतिबांनी नजर दुसरीकडे वळवली. शिऱ्याचं असंच झालं होतं, कढणाचंही.

“पैलं डिकाशन घातलं व्हय मला?” तिनं विचारलं.

“मग कसलं घालायचं?”

“माझं दुसरं आसतंय. तुमचं निघालं की त्याच पुडीवर परत पाणी वतायचं, ते.”

ज्योतिबांना हे नवीन होतं. कुंभकोणमला त्यांचा पेला खाली दुकानात यायचा. वर माडीवर ती काय पिते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इथंही ती आपला पेला स्वयंपाकघरातच उरकायची.

“म्हंजे येवढी वर्सं घट्ट मला दिऊन तू चोथ्याचं पाणी पीत हुतीस?”

हरणाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. हसताना तिला खोकला आला. त्यांनी पाठीवर हात ठेवला तो तिनं बाजूला केला.

“तोंड पाडू नगासा. मला तेच आवडतं. पातळ, गूळ घालून. तुमचं ते कडू जहर कोण पिणार?”

“मग कवा सांगितलं का न्हाईस?”

“तुमी कवा केली हुती कॉफी?”

ज्योतिबांनी तिचा पेला उचलला आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता उभ्यानंच रिकामा केला. नेहमीसारखी झाली नव्हती. तरी तळाचा थेंब निघेपर्यंत त्यांनी पेला कलता धरला. मग त्याच पुडीवर नवं पाणी ओतलं. या वेळी टपटप भराभर पडली. गूळ किती घालायचा ते त्यांनी दारात येऊन विचारलं. तिनं बोटाचं पेर दाखवलं.

दुसरा पेला फिकट होता, चहासारखा. हरणाबाईनं घोट घेतला. मग आणखी एक. पेला तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला.

“बरी झालीया,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “पर नुसतीच व्हय? बुडवायला काय तरी द्या की.”

ज्योतिबा आत गेले. टोस्ट, खारी, दुपारची बाजरीची भाकरी, घरात सापडलं तेवढं सगळं त्यांनी एका ताटात घातलं आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं. इतकं कुणाला, म्हणून ती पुटपुटली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, कॉफीत बुडवला, आणि तो तिच्या तोंडात जाईपर्यंत ज्योतिबा उभेच होते.