आईची कळ

सिस्टर मार्थाने एक पट्टा हेमंतच्या मनगटावर बांधला आणि दुसरा त्याच्या आईच्या हातावर. "यांची अर्धी कळ तुमच्याकडे येईल. मग गुंगीचं औषध थांबवता येईल, त्या बोलतील. असह्य झालं तर सांगा."

सोनूबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आठवडाभर त्या गुंगीतच होत्या. वडिलांच्या अंत्यविधीलाही न आलेला हेमंत आज सहा वर्षांनी माफी मागायला आला होता.

कळ आली तशी त्याने खाटेची कड घट्ट धरली. थोड्या वेळाने सोनूबाईंनी डोळे उघडले. "हेमू? कधी आलास?"

"आत्ताच, आई." दात आवळून तो एवढंच बोलू शकला.

आपल्याला एकाएकी हलकं का वाटतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, मग मनगट. त्यांनी त्याचा पट्टा सोडवला.

"राहू दे, आई. मला बोलायचंय."

"नको रे बाळा."

"सिस्टर, परत बांधा."

रुग्णाने नको म्हटल्यावर मार्थाला तो बांधता येत नव्हता. सोनूबाईंचा चेहरा पिळवटला, तेव्हा तिने सलाइनमधून पुन्हा औषध सोडलं. त्यांचे डोळे मिटले.

"आता बोला," मार्था हेमंतला म्हणाली. "गुंगीतही त्यांना ऐकू येतं."

एवढी यंत्रं आली, तरी हे अजून कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. हेमंतने आईचा हात धरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जाईपर्यंत तो बोलत राहिला.