कांड्यांची बोटं

महिनाभर खपून केलेलं गौराक्काचं चित्र रायाप्पानं तिच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर टांगलं. चेहरा पिंपळाच्या वाळक्या पानांचा होता आणि केस नारळाच्या काथ्याचे. तळहातांना मात्र त्यानं यंत्रमागाची दातेरी चाकं लावली होती आणि बोटांच्या जागी सुताच्या दहा रिकाम्या कांड्या. त्याच्या मागासाठी ती जन्मभर कांड्याच भरत आली होती.

"बायकोवर जीव असावा तर असा!" शेजारी म्हणाले. रायाप्पा सुखावला.

धाकटी मेहुणी हातांपाशी थबकली. "दाजी, सगळी बोटं सरळच लावलीत की ओ! अक्काची करंगळी वाकडी होती. कांडी भरायच्या मशीनमध्ये सापडून मोडली होती. तुम्हाला बोलली नव्हती होय?"

रायाप्पाला वर बघवेना. बोलली नव्हती म्हणावं, असं क्षणभर मनात आलं आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

"बोलली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी माग बंद पडला होता. म्हटलं, आधी तो चालू होऊ दे, मग डॉक्टरकडं जाऊ."

"मग? कधी चालू झाला माग?"

"त्याच संध्याकाळी."