वाकलेली पिन

“मी करतो म्हणालो ना,” गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं.

त्यांची मुलगी अहिल्या बाजूला सरकली. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता, म्हणून खिडक्या बंद. टेबलावरचा पुसायचा कापूस उडू नये म्हणून पंखाही बंद. जेवणाच्या टेबलावर तिचा जुना डेस्कटॉप पोट उघडून आडवा पडला होता. त्यावरच ती घरून गणिताचे ऑनलाइन वर्ग घ्यायची आणि हल्ली तो ऐन वर्गात गोठायचा. मुलांना बाईंचं अर्धवट उघडलेलं तोंड तेवढं दिसत राहायचं. काही मुलं येईनाशी झाली होती. प्रोसेसर बदलला की निभेल, असं बाबाच म्हणाले आणि सदर बाजारातून चार कोरवाला सेकंडहँड प्रोसेसर घेऊनही आले. बसवणार मात्र तेच.

गोपाळरावांचं सगळं आयुष्य झाशीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात बारीक तारा जोडण्यात गेलं होतं. असल्या कामात त्यांना मदत करायला कधी कुणी पुढे झालं नव्हतं. पण संक्रांतीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यांच्या पत्नी, कुसुमावतीबाई, आता त्यांना अर्धाच कप चहा द्यायच्या आणि तो संपला की पुन्हा अर्धा.

अहिल्या स्वयंपाकघरात गेली.

“आई, तुम बोलो ना उनको. पिन मुड़ गई तो?”

“करू दे त्यांना.” कुसुमावतीबाईंनी मान वर केली नाही. “आपल्याला कळलंय हे त्यांना कळलं, तर मग त्यांच्यापाशी उरलं काय?”

“और कल मेरी क्लास?”

तेवढ्यात बाहेर टक्‌कन आवाज झाला.

प्रोसेसर बोटांतून निसटून पेटीच्या कडेवर आपटला होता. दोघी येईपर्यंत गोपाळरावांनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला होता. खालच्या बाजूला केसाएवढ्या बारीक पिनांची दाट रांग. एका कोपऱ्यात दोन पिना आडव्या झाल्या होत्या.

“सुटला,” ते म्हणाले. “घाम आलाय हाताला.”

“हो ना, केवढं उकडतंय,” कुसुमावतीबाई लगेच म्हणाल्या.

अहिल्या वाकलेल्या पिना बघायला पुढे झाली.

“तुझी क्लच पेन्सिल आण,” गोपाळराव तिला म्हणाले. “शीस काढून टाक त्यातली.”

तिनं आणून दिली. पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर चढवून ती हळूच सरळ करायची होती. गोपाळराव वाकले. टोक पिनेच्या या बाजूला गेलं, मग त्या बाजूला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. टोक पुन्हा खाली आलं, शेजारच्या पिनेला लागलं आणि तीही वाकली.

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग ती अहिल्याकडे सरकवली.

“तू कर,” ते म्हणाले. “मी सांगतो तसं कर. घाई केलीस तर तुटेल.”

अहिल्या खुर्ची ओढून बसली. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. “मी उजेड धरतो.”

उजेड पिनेवर पडला. मग टेबलक्लॉथवर गेला, तिच्या बांगडीवर, पुन्हा पिनेवर. अहिल्या पेन्सिल हातात धरून बसून होती.

“उजेड हलतोय का गं?”

“छे, कुठं हलतो–” कुसुमावतीबाई म्हणायला लागल्या.

“हलतोय, बाबा,” अहिल्या म्हणाली. मराठीत विचारलेल्यालाही ती नेहमी हिंदीतच उत्तर द्यायची. आज तिनं मराठीत दिलं. “खूप हलतोय. पण मी थांबते.”

कुसुमावतीबाईंनी खुर्चीची पाठ धरली. गोपाळरावांनी टॉर्च बाजूला केला नाही.

“चढलं का टोक? आता उचल. हळू. जरा डावीकडे.”

उजेड सरकला की ती थांबायची. परत आला की पेन्सिल केसभर उचलायची. एक पिन उभी राहिली, मग दुसरी. तिसरीला फार वेळ लागला. चहाची वेळ टळून गेली तरी कुणाला आठवण झाली नाही.

शेवटी प्रोसेसर आपल्या वजनानंच सॉकेटमध्ये अलगद उतरला. ते सांगत गेले तशी तिनं खिटी दाबली, प्रोसेसर गार राहावा म्हणून पेस्टचा ठिपका ठेवला, वर त्याचा छोटा पंखा बसवला आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

“झालं गं बाई,” कुसुमावतीबाईंनी सुस्कारा सोडला.

गोपाळरावांचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. दुरुस्तीला आलेली दुसऱ्याची वस्तू बघावी तसा ते आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होते.

“अहिल्या,” ते म्हणाले, “हे कुणाला दाखवायचं?”