मिस्टर टेश यांचा पलंग

"माणसाचं ऐकून घ्या, पण पलंग बघा," असं जनगणनेचं काम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. "घर दोन हद्दींत असलं, तर माणूस जिथं झोपतो तिथला. पहिल्या एप्रिलला पलंग कुठं होता, तेवढंच लिहायचं."

डॉरीन हॅकेटला टपालपेटीशी उभं असताना ते शब्द आठवले. टॅनर्स फोर्ड गावातलं हे तिचं शेवटचं घर. बाकीची सगळी दारं झाली होती आणि आकडा भरला होता चारशे नव्व्याण्णव. पाचशेच्या खाली गेलेलं गाव शेजारच्या वेस्टलिन शहरात विलीन करायचं, असा राज्याचा नियम. आणि दोन्हींच्या मधली रेषा नेमकी ऑर्विल टेश यांच्या स्वयंपाकघरातून जात होती.

शेजारच्या हिरवळीवर जॉयस प्रुइट गवत कापत होती. तिचं घर रेषेपलीकडे, वेस्टलिनमध्ये. यंत्र बंद करून ती जवळ आली.

"म्हाताऱ्याकडं ना? जा, पण डोळे उघडे ठेवून जा. शनिवारी आतून काहीतरी फरफटत होतं. सकाळी एकदा, जेवणानंतर परत एकदा. एक्क्याऐंशीव्या वर्षी सामान हलवतंय कोण?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं की. म्हणे घर आवरतोय. बायको, मिल्ड्रेड, गेल्यापासून त्यानं साधी खिडकी पुसलेली नाही." जॉयसने रस्त्यापलीकडे हात केला. "ती लाल दारं दिसतात? आमच्या शहराची रुग्णवाहिका तिथं असते. मिल्ड्रेडच्या छातीत दुखलं तेव्हाही तिथंच उभी होती. पण रेषा ओलांडायची नाही म्हणतात. गावाची आली एकोणीस मिनिटांनी. तरी याला गावाचंच प्रेम. वेशीवरची लोकसंख्येची पाटी तोच रंगवतो, चाळीस वर्षं. त्यावर चारशे नव्व्याण्णव लिहायला हात धजेल त्याचा?"

डॉरीन दाराकडे निघाली. तिने आकडे खरे लिहिण्याची शपथ घेतली होती, आणि शपथ ती हलकी मानत नसे.

घंटा वाजवण्याआधीच दार उघडलं. टेश यांनी तिला आत घेतलं, कॉफी ओतली, केकचा तुकडा पुढे केला. केकला तिने हात लावला नाही.

"कुठं झोपता तुम्ही, मिस्टर टेश?"

"पश्चिमेच्या खोलीत. म्हणजे गावात."

"पहिल्या एप्रिलला?"

"तिथंच. त्याच पलंगावर, त्याच जागी. सेहेचाळीस वर्षं झाली."

"शपथेवर सांगाल?"

"सांगेन. बायबल आणतो." ते उठले आणि पूर्वेच्या खोलीकडे वळले. पूर्वेची खोली वेस्टलिनमध्ये.

डॉरीन त्यांच्या मागे गेली. तिथे भिंतीलगत सपाता होत्या, स्टुलावर चष्मा, पाण्याचा पेला आणि ते बायबल. मधली जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेपासून लाकडी जमिनीवर चार ताजे ओरखडे निघाले होते. ते उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरातून, थेट पश्चिमेच्या खोलीत लोखंडी पलंगापाशी जाऊन थांबले होते.

"उशाशी ठेवायच्या वस्तू इकडं कशा?"

"मीच ठेवल्यात."

"आणि हे ओरखडे?"

"पलंगाचे. शनिवारी ओढला मी."

इतक्या सरळ उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. ती पलंगापाशी बसली. खाली जमिनीवर अंथरायचं गुळगुळीत, कोरं लिनोलियम होतं. तिने पायाभोवती बोट फिरवलं.

"हे नवं आहे."

"मागच्या आठवड्यात घातलं."

"सेहेचाळीस वर्षं एवढं जड लोखंड एका जागी असतं, तर खाली खळगे पडले असते, मिस्टर टेश."

"खाली आहेत. उचलून बघायचं तर बघा."

त्यांचा आवाज बदलला नाही. डॉरीनने लिनोलियमच्या कडेला हात लावला आणि तिथेच थांबली. खाली काही नसणार, म्हणून तर झाकलं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात गुडघ्यांवर बसून खोटं पाडायचं, हे तिच्याने होईना.

"नको," ती म्हणाली. "मला कळलं."

"मी सांगितलं ते खरं आहे, बाई."

"तुमचं गावावर प्रेम आहे, एवढं खरं आहे." तिने कागद गुडघ्यावर घेतला आणि ऑर्विल टेश हे नाव वेस्टलिनच्या रकान्यात लिहिलं. "मनाला लावून घेऊ नका. माझाही इलाज नाही."

"तुम्ही तुमचं काम केलंत," टेश म्हणाले. दारापर्यंत आले, तिचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. तिला फार वाईट वाटलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ऑर्विल टेश आत आले. त्यांनी खांद्याने रेटून पलंग हातभर सरकवला आणि लिनोलियम कडेने दुमडलं. खालच्या जुन्या लाकडात चार खळगे होते, अंगठा बुडेल एवढे खोल, झिजून काळे पडलेले. शनिवारी सकाळी पलंग पूर्वेच्या खोलीत ओढून जेवणानंतर त्यांनी तो पुन्हा याच जागी आणून ठेवला होता.

तिथून खिडकीबाहेर रुग्णवाहिकेची लाल दारं समोर दिसत. त्या एकोणीस मिनिटांत मिल्ड्रेड त्या दारांकडेच बघत होती. "ही रेषा ठेवायची नाही, ऑर्विल," ती म्हणाली होती. "पण खोटं बोलून नाही हं."

त्यांनी डोक्यावर टोपी घातली, रंगाचा डबा आणि बारीक कुंचला घेतला, आणि चारशे नव्व्याण्णव लिहायला ते वेशीकडे निघाले.