मागचे पाय

“मग हा घोडा असा का?” मुलीने विचारलं. आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या. चौदा रिकाम्या होत्या. पंधराव्या खुर्चीतली मुलगी तिकीट खिडकीवरच्या बाईंची. शाळा बंद, म्हणून आईने तिला इथे आणून बसवलेलं. आजोबा मात्र समोर पन्नास मुलं असल्यासारखे रंगात आले होते.

कातड्यात पेंढा भरून प्राणी जिवंत वाटतील असे उभे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मदतीला बायको असे. ती गेल्यापासून घरी बोलायला भिंती होत्या, म्हणून ते दर मंगळवारी इथे येऊन मुलांना सांगत, कोण कसं चालतं ते. साप अंगाच्या वळणांनी जमीन मागे रेटतो आणि स्वतः पुढे सरकतो. उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरच उचलतो, म्हणून डुलतो. गाय, कुत्रा, घोडा यांचं निराळं. आधी डावा मागचा, मग डावा पुढचा; मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा. सावकाश चालताना चार पाय, चार ठोके.

कोपऱ्यातल्या तांबूस घोड्याकडे मात्र ते मुलांना कधी नेत नसत. त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी उभा केलेला तो घोडा. त्याचे दोन्ही डावे पाय पुढे होते, दोन्ही उजवे मागे.

चूक अखेर जाणकारांच्या नजरेला आलीच. संचालकबाईंनी कालच सांगितलं होतं, सोमवारी कारागीर येऊन पाय नीट बसवतील, आतल्या सळया कुठे आहेत तेवढं खडूने दाखवून ठेवा. आजोबा हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. खारीच्या मिशीचा एक केसही ज्याने कधी चुकू दिला नाही, तो माणूस इथेच का अडतो, ते संचालकबाईंना कळेना. खडू कालपासून आजोबांच्या खिशात होता.

“सांगा ना. उंट आहे का हा?”

“बडबड पुरे. चालून बघू,” आजोबा म्हणाले.

चालीचा हा खेळ त्यांच्या कारखान्यातलाच. कुठलाही प्राणी उभा करण्याआधी दोघांनी चालून बघायचं. बायको पुढचे पाय, ते मागचे. इथे ते मुलांच्या जोड्या लावत. आज जोडीला कुणी नव्हतं. तेव्हा मुलगी पुढे झाली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसकट, आजोबा मागे उभे राहिले. मागच्याने आधी पाऊल टाकायचं, पुढच्याने अर्ध्या पावलाने उशिरा.

दोन पावलं ठीक पडली. मग दोघांचे डावे पाय एकदमच पडू लागले, उजवेही एकदमच. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुलगी थांबली.

“आजोबा, तुम्ही सारखे माझ्या पावलाला पाऊल जुळवता. दुसऱ्यांना शिकवता आणि तुम्हालाच येत नाही.”

“जुनी खोड आहे, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची,” ते म्हणाले. हात मात्र तिच्या खांद्यांवरून निघाले नाहीत. मुलीने मान वळवून घोड्याकडे पाहिलं, मग खाली आपल्या दोघांच्या पायांकडे. डावा, डावा. उजवा, उजवा.

आजोबांनी तिचं ते बघणं बघितलं. इतक्या वर्षांत एवढं नीट कुणी बघितलं नव्हतं. तिला खोटं सांगणं त्यांना जमेना. ते घोड्यापाशी गेले, त्याच्या मानेवरची धूळ बाहीने पुसली आणि खिशातून खडू काढला. एकेका पायावर सळईची रेघ ओढली. चौथी रेघ जरा वाकडी आली.

“सोमवारपासून हा घोड्यासारखा चालेल,” ते म्हणाले.

मुलगी विचारात पडली. “आणि इतके दिवस कोण होता? घोडा नाही, उंटही नाही.”

“आम्ही दोघं,” आजोबा म्हणाले.