साडेतीन पृथ्व्या

तिवस्याच्या आमच्या शाळेत शाश्वत विकास शिकवायला पुण्याहून तज्ज्ञ सर आले. त्यांची गाडी मैदानात एसी चालू ठेवूनच उभी राहिली. परत बसताना गार हवी ना!

“आपल्या देशाची खरी अडचण एकच, गर्दी,” असं सांगून त्यांनी पहिल्या बाकावरच्या दीक्षाला विचारलं, “तुझ्या घरी किती जण?”

“सात, सर.”

“बघा! इथंच तर घोडं पेंड खातं.”

मग त्यांनी मोबाइलवर एक गणित उघडलं. आपण कसं राहतो ते त्यात भरायचं. सगळं जग तसंच राहिलं तर किती पृथ्व्या लागतील, ते कळतं. नमुना म्हणून सरांनी आधी स्वतःचं भरलं. दोन गाड्या, चार एसी, महिन्याला दोन-तीनदा विमान. उत्तर आलं साडेतीन. “काय करणार, कामच तसं आहे,” म्हणत ते हसले. मग दीक्षाचं भरलं. सायकल, एक पंखा, आंघोळीचं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. उत्तर आलं अर्धी.

दीक्षाने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडलं आणि हात वर केला.

“सर, आमी साती जन मिळून तुमच्या एकट्यायेवढे होतो. तुमच्या घरी किती जन हायेत?”

“आम्ही चौघंच!” सर अभिमानाने म्हणाले.

“बाप्पा! म्हंजे अठ्ठावीस,” दीक्षा म्हणाली. “येवढी गर्दी एका घरात मावते कशी, सर?”