एका शब्दाचं काम

लीलाताईंच्या पत्राला नानांनी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीआधी आलेलं ते पत्र हातातल्या पुस्तकात खूण म्हणून राहिलं होतं. पुस्तक उघडलं की तेच वाक्य समोर येई: ‘तुमच्या एका शब्दाचं काम आहे.’

लीलाताई दाना ओली या त्याच गल्लीत राहायच्या, चार घरं पलीकडे. तरी पत्र त्यांनी टपालाने पाठवलं होतं. दारात दिलेला कागद थेट मंजिरीच्या फायलीत जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंजिरी नानांची सून. पुढच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि सकाळपासून समोरच्या खुर्च्या भरलेल्या असत. गटार, नळ, दिवे, पेन्शन. इकडे नगरसेवकाला पार्षद म्हणतात. लोक तिला ‘पार्षद मॅडम’ म्हणत, आणि ती खरोखर कामं करी. दारावरच्या फलकावर हात जोडलेली मंजिरी होती. कोपऱ्यात, घरच्या थोरांचा लावतात तसा, नानांचा लहानसा फोटो. निवडणुकीत अर्जांची छाननी झाली तेव्हा तिच्या कागदांत चूक निघाली होती. ती रडत घरी आली होती. पण संध्याकाळपर्यंत दुसऱ्या अर्जाने तोड निघाली, आणि पुढे वॉर्ड जिंकलाही.

नाना कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. वर्गाबाहेर त्यांचा आवाज फारसा निघत नसे. सकाळच्या चहाबरोबर मंजिरी कागद आणी. ते शुद्धलेखन बघत आणि ती बोट ठेवील तिथे पेन टेकवत. मुलगा यशोधन नोकरीसाठी इंदूरला, म्हणून महापालिकेच्या सभेला मंजिरीच त्यांना गाडीतून नेई. सभेत ते मागच्या रांगेत पुस्तक उघडून बसत. घरीही बहुधा भेटायला आलेल्यांमध्येच एखाद्या खुर्चीवर.

‘नाना, आपल्याच घरात रांगेत?’ शेजारचे जगदेवराव एकदा म्हणाले. ‘टोकन तरी घ्या.’

सगळे हसले. नानाही हसले.

लीलाताईंचं दुखणं साधं होतं. त्यांच्या घराशेजारचा बोळ बंद करून राजवर्धन नावाच्या बिल्डरला तिथे गाड्या लावायच्या होत्या. पार्षदाची ना हरकत मिळाली की फाटक बसणार होतं. बदल्यात गल्लीचं तुंबलेलं गटार तो स्वतःच्या खर्चाने नवं करून देणार होता. पण लीलाताईंचा मुलगा विहंग व्हीलचेअरवर होता. पुढच्या दाराला उंच पायऱ्या. बोळ गेला की तो घरातच अडकला.

एके दिवशी नाना शेवटी बोळ बघायला गेले. जमिनीवर चुन्याच्या खुणा झाल्या होत्या. विहंग त्यांवरून चाकं नेत म्हणाला, ‘नाना, अब तो मुझे कूरियर से भेजना पड़ेगा.’

लीलाताई हसल्या नाहीत.

‘पत्र मिळालं?’

‘मिळालं.’

‘मग?’

नाना चुन्याकडे बघत म्हणाले, ‘मंजिरीला सांगून बघतो.’

‘मंजिरीला मी लिहिलं नव्हतं, नाना.’

ते घरी आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मंजिरीने एक कागद पुढे सरकवला. राजवर्धन सकाळी न्यायला येणार होता. नानांनी या वेळी तो पहिल्या ओळीपासून वाचला.

‘विहंग कुठून जाईल?’

‘ते बघू ना नंतर. गटार होतंय, सारा मोहल्ला दुआ देगा. तुम्ही नका पडू यात, नाना. तुमची पुस्तकं बरी.’

नानांनी हात पुढे केला. ‘शिक्का दे.’

मंजिरीला गंमत वाटली. शिक्का तिच्या पर्समध्ये असे. ‘आज स्वतःच?’ म्हणत तिने तो काढून दिला.

नाना आपल्या खोलीत गेले. पत्र लिहायला त्यांना बराच वेळ लागला. दोन कागद फाडले, तिसरा ठेवला. मग त्याची नक्कल केली. बाहेर येऊन नक्कल मंजिरीच्या हातात दिली.

तिने ती उभ्यानेच वाचली, पुन्हा वाचली. हाताने चाचपत ती मागे सरकली आणि लोकांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधीच बसली नव्हती.

‘नाना, तुम्ही असं करू शकता?’

‘मलाही आजच कळलं,’ नाना म्हणाले आणि त्यांनी चपला घातल्या.

नई सडकेच्या टपालपेटीपाशी ते क्षणभर घुटमळले. मग पाकीट आत सोडलं. उत्तर लांब नव्हतं: ‘बोळ उघडाच राहील. ना हरकत मी देत नाही.’ खाली त्यांची सही होती, आणि सहीखाली मंजिरीच्या पर्समधला शिक्का: नारायण वासुदेव मुळे, निर्वाचित पार्षद.